कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, जन्म : १८ जून १९११, इंदूर, मृत्यू : २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. केंब्रिज विद्यापीठातून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्याचा शोध, कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास आणि नीरा या पेयावरील दीर्घकालीन संशोधन ही त्यांची प्रमुख कामे होत. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक होत्या. प्रसिद्ध लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

विज्ञानात डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी आढळतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती, त्यामुळे हे विशेषण जपून वापरलेले बरे. सोहोनी यांचे मोठेपण त्यावर अवलंबून नाही.

बालपण आणि शिक्षण

भागवत कुटुंबात रसायनशास्त्र घरचेच होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्या काळी टाटा इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाई. तेथून शिकून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत या दोघांची गणना होते. कमलाबाईंनीही तोच मार्ग धरला. रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. वडील आणि काका जेथे शिकले, तेथेच पुढील संशोधन करावे म्हणून त्यांनी बंगळूरला अर्ज पाठविला.

बंगळूर येथील प्रवेश

संस्थेचे संचालक त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. अर्जदार स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांनी हा अर्ज नाकारला. गुणवत्तेचा प्रश्न नव्हताच, ती प्रमाणपत्रांतून दिसत होती. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. गांधीजींच्या चळवळीचा तो काळ असल्यामुळे या आग्रहाला सत्याग्रहाचे रूप आले. अखेर रामन यांनी काही अटींवर परवानगी दिली. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, त्यांनी काम करावयाचे होते. त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ नये, अशीही अपेक्षा होती. यांतील शेवटची अट अपमानास्पद होती आणि कमलाबाईंना तो अपमान आयुष्यभर जाणवत राहिला. तरीही त्यांनी अटी मान्य केल्या.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, परंतु विद्यार्थ्याला मनापासून शिकविणारे शिक्षक होते. दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनी त्यांच्याकडे काम केले. सामान्य भारतीय माणसाला प्रथिने मुख्यतः डाळींतून मिळतात, त्यामुळे या विषयाचा थेट संबंध देशाच्या आरोग्याशी होता. वर्षभरानंतर रामन यांनी त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली आणि त्यानंतर संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३६ मध्ये कमलाबाईंना एम.एस्सी. ही पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली.

केंब्रिज

मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्यामुळे १९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविलेले फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स हे होते. प्रयोगशाळेत जागा अपुरी होती. डेरेक रिक्टर यांनी आपले एक मेज त्यांना दिवसा वापरावयास दिले आणि काम सुरू झाले. पुढे त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या.

बटाट्यावर प्रयोग करीत असताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य आढळले. पेशी अन्नातून ऊर्जा मिळविताना शेवटी प्राणवायूचा उपयोग करते. त्या साखळीत सायटोक्रोम हा महत्त्वाचा दुवा असतो. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोम असल्याचे दाखविले होते. वनस्पतींच्या बाबतीत हा दुवा प्रस्थापित होण्यास कमलाबाईंच्या कामाची मदत झाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून दीड वर्षाच्या आतच तो पूर्ण झाला. जाडजूड प्रबंधांचे कौतुक असलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यांनी ही पृष्ठसंख्या लक्षात ठेवावी.

यीस्ट या सूक्ष्मजीवाशी त्यांचा संबंध पुढेही, वेगळ्या निमित्ताने, येणार होता. प्राणवायू मिळाला की यीस्ट श्वसन करते. तो नसला तर साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करून जगते. या दुसऱ्या क्रियेलाच किण्वन, म्हणजे साध्या भाषेत आंबणे, म्हणतात.

भारतात परत

१९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी, कमलाबाई स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यानंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. पुढचे सर्व महत्त्वाचे काम येथेच झाले.

नीरेवरील संशोधन

ताड, माड, शिंदी यांसारख्या वृक्षांना छेद देऊन जो गोड रस मिळतो, त्याला तो आंबलेला नसताना नीरा म्हणतात. आंबला की तीच ताडी किंवा शिंदी. गांधीजींच्या ग्रामोद्योगविचारात ताडगुळाला मोठे स्थान होते. वऱ्हाडच्या वेशीवरील वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने नीरा आणि ताडगूळ यांचा पुरस्कार केला. स्वातंत्र्यानंतर दारूबंदीचे धोरण आले, तेव्हा ताडी उतरविण्यावर पोट असलेल्या लोकांनी काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. नीरा हे त्याचे एक उत्तर होते. मात्र नीरा खरोखर पौष्टिक आहे की ती केवळ एक सोय आहे, हे प्रयोगशाळेने सांगावयाचे होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी हे काम हाती घेतले आणि त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते दहा-बारा वर्षे चालविले.

या कामातील अडचण समजण्यासाठी नीरेचा स्वभाव जाणून घेणे आवश्यक आहे. ताज्या नीरेत दहा टक्क्यांहून अधिक साखर असते, तिची चव गोड असते आणि ती आम्लही नसते, अल्कही नसते. सूक्ष्मजीवांना याहून अधिक सोयीचे खाद्य मिळणे कठीण. हवेतून, कीटकांच्या पायांवरून आणि विशेषतः आदल्या दिवशीच्या मडक्यातून यीस्ट व जिवाणू रसात शिरतात. रस मडक्यात ठिबकू लागतो तेव्हाच आंबण्यास प्रारंभ होतो. तो किती वेगाने होईल हे उष्णतेवर ठरते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. यीस्टला तीस ते पस्तीस अंशांची ऊब सर्वांत मानवते, तर चार-पाच अंशांवर ते जवळजवळ स्वस्थ बसते.

अमरावती-अकोल्याकडील वाचकांना हे स्वयंपाकघरातून ठाऊक आहे. पौष महिन्यात इडलीचे पीठ रात्रभर ठेवले तरी सकाळी फुगलेले नसते. वैशाखात तेच पीठ चार-पाच तासांत भांड्याबाहेर येते आणि थोडे दुर्लक्ष झाले तर आंबट होते. वऱ्हाडातील नाल्यांच्या काठी आणि मेळघाटातील ओढ्यांच्या कडेने शिंदीची झाडे आहेत. शिंदीचा रस मुख्यतः थंडीत काढतात, यामागेही हेच कारण आहे. पहाटे दहा-पंधरा अंशांच्या गारव्यात उतरविलेले मडके दुपारी तीस अंशांच्या उन्हात ठेवले, तर सकाळची नीरा सायंकाळपर्यंत बिअरइतके मद्यार्क असलेली ताडी होते. आंबण्याच्या क्रियेत उष्णता बाहेर पडते, त्यामुळे मोठ्या भांड्यातील द्रव भोवतालच्या हवेपेक्षा आणखी काही अंशांनी गरम होतो आणि वेग पुन्हा वाढतो. एकदा ही चढण लागली की नुसते सावलीत ठेवून ती थांबत नाही.

येथे कायद्याचाही संबंध येतो. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ यात नीरेची स्वतंत्र व्याख्या आहे. आंबू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या भांड्यात काढलेला आणि न आंबलेला रस म्हणजे नीरा. विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर हा कायदा येथेही लागू झाला. मडके तेच आणि झाडही तेच, परंतु काही तासांच्या उन्हाने परवाना घेऊन विकावयाची नीरा गुन्ह्याचा मुद्देमाल होऊ शकते. रस विकणाऱ्या गरीब माणसाच्या दृष्टीने तापमान हा विज्ञानाच्या पुस्तकातील धडा नव्हता.

आंबणे लांबविण्याचे जे उपाय आहेत, ते सगळे याच कारणपरंपरेतून निघतात. मडकी प्रत्येक वेळी धुऊन, तापवून किंवा धुरावून घेतात. आतून चुन्याचा लेप देतात. चुन्यामुळे रस अल्कधर्मी होतो आणि बहुतेक यीस्ट व जिवाणूंना ते मानवत नाही. मात्र चुना जास्त झाला की चव बिघडते आणि पिण्यापूर्वी किंवा गूळ करण्यापूर्वी तो काढून टाकावा लागतो. रस सूर्योदयापूर्वी उतरवून लगेच बर्फात ठेवतात. ते शक्य नसेल तर तत्काळ उकळून गूळ किंवा काकवी करतात.

ओल्या फडक्यात गुंडाळलेले मडके हाही एक जुना उपाय आहे. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, हे माठाचेच तत्त्व. ते हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस-चव्वेचाळीस अंश असताना, माठातील पाणी पंधरा-वीस अंशांनी कमी असू शकते. मुंबईच्या दमट हवेत हा फरक मोजकाच राहतो. परंतु वऱ्हाडातही या मार्गाने पंचवीस अंशांच्या आसपास पोहोचता येते, त्याखाली फारसे नाही. नीरा टिकविण्यास ते पुरेसे नाही, थोडा वेळ मिळवून देण्यास मात्र पुरते.

बिअर तयार करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो, फक्त हेतू उलटा. नीरेत यीस्टला थांबवावयाचे असते, तर बिअरमध्ये त्याला काम करू द्यावयाचे, पण हळू. एल जातीच्या बिअरसाठी साधारण अठरा ते बावीस अंश आणि लागर जातीसाठी आठ ते बारा अंश तापमान योग्य मानतात. त्याहून अधिक उष्णतेत यीस्ट घाईने काम करते. मग मद्यार्काबरोबर घशाला जाळणारी जड मद्ये आणि पिकलेल्या फळासारख्या वासाची द्रव्ये तयार होतात व पेय बिघडते. उष्ण देशांत घरगुती बिअर करणारे हौशी लोक भांडे पाण्याच्या टबात ठेवतात, त्यावर ओले फडके टाकतात, टबात बर्फाच्या बाटल्या बदलत राहतात आणि थर्मामीटर खोलीत न लावता भांड्याला लावतात, कारण मोजावयाचे असते ते आतल्या द्रवाचे तापमान. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे बेकायदेशीर आहे, म्हणून ही माहिती येथे केवळ तुलनेसाठी दिली आहे. युरोपातील मद्यनिर्मात्यांनी या प्रश्नासाठी एकोणिसाव्या शतकात शीतयंत्रांत पैसा गुंतविला. कार्ल फोन लिंडे यांची शीतयंत्रे प्रथम बिअरच्या कारखान्यांतच बसली. आपल्याकडे झाडावर चढणाऱ्या माणसाजवळ चुना आणि पहाट एवढेच होते.

सोहोनी यांच्या गटाने या रसाचे घटक तपासले. त्यात अ आणि क जीवनसत्त्वे तसेच लोह उल्लेखनीय प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. नीरा आटवून गूळ आणि काकवी केल्यावरही या पोषक द्रव्यांचा बराच अंश टिकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्यवहाराच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा होता. ताजी नीरा झाडाजवळच आणि सकाळीच पिता येते, पण गुळाला उन्हाळ्याची भीती नसते आणि तो बैलगाडीतून कोठेही नेता येतो. संशोधन येथे थांबले नाही. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश करून पाहण्यात आला आणि त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा दिसली. या कामाबद्दल सोहोनी यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला.

या संशोधनाचा लाभ ज्यांना व्हावा अशी अपेक्षा होती, त्यांच्यापर्यंत तो किती पोहोचला याविषयी मात्र समाधान मानता येत नाही. मुंबई-पुण्यात नीरा विक्री केंद्रे निघाली आणि शहरी माणसाला सकाळचे एक रुचकर पेय मिळाले. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाचे नाव पुढे बालकांच्या कुपोषणामुळेच देशभर गाजले. तेथील ओढ्यांकाठी शिंदी आजही उभी आहे.

इतर संशोधन

कडधान्यांवरील काम त्यांनी मुंबईतही चालू ठेवले. काही डाळींत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारी द्रव्ये असतात. ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला रोखणाऱ्या अशा घटकांचा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. धान्य भिजवून, शिजवून किंवा मोड आणून खाण्याच्या आपल्या रीतीला अशा संशोधनातून शास्त्रीय आधार मिळत गेला. धानाच्या पिठावरही त्यांनी काम केले. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला गुणवत्तेबाबत त्यांचा सल्ला मिळत असे. दूधही नीरेसारखेच उष्णतेला घाबरणारे आणि तेथेही उत्पादनापासून ग्राहकापर्यंतचे काही तास निर्णायक असतात.

त्यांच्या संशोधनाचे विषय एकत्र पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. केंब्रिजमध्ये मूलभूत शोध लावून आलेल्या या विदुषीने मायदेशी डाळ, तांदूळ, दूध आणि नीरा असे गरिबाच्या ताटातील विषय निवडले. उपकरणे आणि निधी यांची टंचाई हे त्यामागचे एक कारण असू शकते. तथापि, बंगळूरच्या पहिल्या वर्षापासून त्यांचा कल याच दिशेचा होता.

संचालकपद

विज्ञान संस्थेचे संचालकपद पात्रता असूनही त्यांना वेळेवर मिळाले नाही. सुमारे चार वर्षे त्या त्यापासून दूर राहिल्या आणि यामागे स्त्री असणे हेच कारण होते, असे त्यांच्या बहुतेक चरित्रकारांचे मत आहे. बंगळूरच्या प्रसंगाला तोपर्यंत तीन दशके लोटली होती. अखेर त्या संचालक झाल्या आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काम करावयास लावणाऱ्या, शिस्तप्रिय पण आपुलकीच्या शिक्षिका म्हणून त्यांचा लौकिक होता.

ग्राहक चळवळ आणि अखेरची वर्षे

मुंबईत १९६६ मध्ये नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था स्थापन केली. सोहोनी या संस्थेच्या सक्रिय सदस्य होत्या आणि १९८२-८३ मध्ये त्यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. अन्नाची पारख हा त्यांच्या दृष्टीने प्रयोगशाळेतील कामाचाच पुढचा भाग होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना सोहोनी यांची कहाणी समजली, तेव्हा त्यांनी पुढाकार घेऊन दिल्लीत त्यांचा सत्कार घडवून आणला. त्या समारंभातच सोहोनी यांची प्रकृती बिघडून त्या कोसळल्या. २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. १८ जून २०२३ रोजी, त्यांच्या ११२ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे विशेष चित्र प्रसिद्ध केले.